सहा शब्दांची सेस्तिना: जुआन ब्रोसाच्या वाटेने

बार्सिलोनाचा जुआन ब्रोसा (१९१९–१९९८) कवी, नाटककार आणि दृश्यकवितेतला, म्हणजे अक्षरं-वस्तू चित्रासारखी मांडून केलेल्या कवितेतला, मोठा कलावंत. १९४८ साली सुरू झालेल्या 'दाऊ अल सेट' या कलावंतांच्या गटात तो आंतोनी तापिएस आणि जुआन पोन्स या चित्रकारांसोबत होता. मेस्त्रेस क्वाद्रेनी, कार्लेस सांतोस या संगीतकारांबरोबर त्याने रंगमंचासाठी संगीतप्रयोग केले. बार्सिलोनातल्या होर्ता भागात व्हेलोड्रोमजवळ (सायकल शर्यतींच्या मैदानाजवळ) उभं असलेलं त्याचं अवाढव्य 'ए' अक्षर आणि पलीकडे पडलेले त्याच अक्षराचे तुकडे अनेकांनी फोटोत पाहिलेले असतात. पण हाच माणूस सॉनेट आणि सेस्तिना अशा काटेकोर बंधांतही लिहायचा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात बार्सिलोनाच्या भागाची कातालान भाषा दडपली जात होती, तेव्हाही तो कातालानमध्येच लिहीत राहिला. १९७६ ते १९८६ मधल्या सेस्तिनांचं त्याचं स्वतंत्र पुस्तक आहे.

ब्रोसाला जादूगारांचं वेड होतं. झटपट वेश बदलणारा इटालियन नट फ्रेगोली हे तर त्याचं दैवतच. सेस्तिनात शब्दांनी नेमकं तेच करायचं असतं.

सेस्तिनाचा बंध बाराव्या शतकातला, ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेतला) कवी-गायक आर्नो दानिएलचा. सहा ओळींची सहा कडवी आणि शेवटी तीन ओळी, एकूण ३९. यमक नाही. पहिल्या कडव्याच्या ओळी ज्या सहा शब्दांनी संपतात, तेच शब्द पुढच्या प्रत्येक कडव्यात क्रम बदलून ओळीच्या शेवटी येतात. गझलेत रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हापुन्हा येणारा शब्द, जागेवर बसलेला असतो; इथे सहाही शब्द फिरतात.

क्रम असा (एक रांग म्हणजे एक कडवं, आकडा म्हणजे शब्द):

१ २ ३ ४ ५ ६
६ १ ५ २ ४ ३
३ ६ ४ १ २ ५
५ ३ २ ६ १ ४
४ ५ १ ३ ६ २
२ ४ ६ ५ ३ १

पाठ करायची गरज नाही. आधीच्या कडव्यातले शेवटचा, पहिला, पाचवा, दुसरा, चौथा, तिसरा या क्रमाने शब्द उचलायचे. सहाव्या कडव्यावर हीच कृती केली की पुन्हा १ ते ६ यायला हवेत. नाही आले, तर मध्ये कुठेतरी चूक आहे. लिहायला बसण्यापूर्वी कागदावर छत्तीस ओळींचे शेवटचे शब्द मांडून घ्या. लिहिता लिहिता क्रम लावू गेलात तर तिसऱ्या कडव्यात हमखास घोटाळा होतो.

खरी कसोटी शब्द निवडण्यात आहे, आणि मराठीत ती जास्त कडक आहे. ओळीच्या शेवटी शब्द नुसता हवा, विभक्ती लागली की रूप बदललं: पाणी–पाण्याला, दिवा–दिव्यात. म्हणून पुल्लिंगी अकारान्त नामं सोयीची. हात, खेळ, सूर, दगड अनेकवचनातही तशीच राहतात. प्राण्यामाणसांची नावं टाळा, कारण कर्म झाली की बहुतेकदा 'ला' मागतात; 'मांजर पाहिलं'पेक्षा 'मांजराला पाहिलं' तोंडात आधी येतं. निर्जीव वस्तूला ती अडचण नाही. सकर्मक क्रियेच्या भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो, तेव्हा तुमचा शब्द कर्ता न ठेवता कर्म करा: 'त्याने उघडलं दार'.

निदान तीन शब्द तरी दुहेरी अर्थाचे घ्या. पत्ता खेळातला आणि पाकिटावरचा. मोड सुट्ट्या पैशांची, मटकीचे मोड, शिवाय आज्ञार्थी 'मोड!'. चाल गाण्याची, बुद्धिबळातली, चालण्याची. प्रत्येकी एकच अर्थ असलेले सहा शब्द घेतले तर चौथ्या कडव्यापर्यंत कवितेचा दम संपतो. आणि 'वेदना', 'क्षितिज', 'अस्तित्व' असले भारदस्त शब्द सात-सात वेळा कोण ऐकणार? ब्रोसाच्या कवितेत येतात तशा रोजच्या वस्तू बऱ्या.

हात, पत्ता, मोड, खेळ, चाल, दार या शब्दांवरचं पहिलं कडवं:

टेबलावर उताणा ठेवला हात,
बोटांत अडकून राहिला पत्ता.
दुकानदार म्हणाला, नाही मोड;
पोरांनी मग तिथेच मांडला खेळ.
जादूगाराची पहिली चाल
कुणी पाहिली नाही. वाजलं दार.

दुसऱ्याची सुरुवात ६ आणि १ ने:

वाऱ्याने? की कुणी ढकललं दार?
उंबऱ्यावर आला फक्त हात,

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'ठेवला हात', 'मांडला खेळ' अशा उलट्या ओळी सारख्या येऊ लागतात आणि कविता जुन्या भावगीतासारखी ऐकू येते. वरच्या पहिल्या दोन ओळींतच तो धोका दिसतो. उपाय पाचव्या ओळीत आहे: वाक्य मध्येच तोडायचं आणि क्रियापद पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न्यायचं. प्रत्येक कडव्यात अशा निदान दोन ओळी ठेवा.

कडव्यांचे सांधे जपा. तिथे एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींच्या शेवटी येतो, अर्थ तोच राहिला तर ती चूक वाटते. वर 'दार' एकदा वाजतं, मग कोणी ढकललं असा प्रश्न येतो. सांध्यावर बोलणारा, काळ किंवा अर्थ यातलं काहीतरी बदला.

सहाव्या कडव्याचा कच्चा खर्डा पहिल्यानंतर लगेच करून ठेवा. ओळीने लिहीत गेलं की तिथे पोचेपर्यंत उरलेसुरले अर्थच हाताशी राहतात, म्हणून प्रत्येक शब्दाचा एक चांगला अर्थ आधीच बाजूला काढायचा.

शेवटच्या तीन ओळींत प्रत्येकी दोन शब्द, एक मध्ये आणि एक शेवटी. एक रूढ मांडणी २–५, ४–३, ६–१. मधल्या शब्दाला विभक्ती लागली तरी चालते. बाकी ३६ ओळींत ही सवलत घेऊ नका.

ओळ साधारण १० ते १४ अक्षरांची ठेवा. अष्टाक्षरी घेतली तर ठराविक शब्दाला पुरेशी जागाच उरत नाही. गाण्यासाठी लिहीत असाल तर आर्नोच्या सेस्तिनेची चाल आजही उपलब्ध आहे. तिच्यात प्रत्येक कडव्याची पहिली ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड आहे; ती तशीच आखूड ठेवा, नाहीतर चालीत शब्द कोंबावे लागतील.