झरमॅटला स्कीइंगला निघालात? या चुका टाळा

दर हिवाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी बुकिंग झालंय, आता काय काय करायचं ते सांग." अरे, बुकिंगच्या आधी विचारायचंस ना!

पहिली चूक लिफ्टच्या पासची. स्वित्झर्लंडमधलं झरमॅट आणि डोंगरापलीकडचं इटलीतलं चेर्व्हिनिया मिळून ३६० किलोमीटरचे उतार आहेत. हा आकडा वाचून पैसा वसूल करायला निघालेला नवशिका दोन्ही देशांचा सहा दिवसांचा पास घेतो, आणि त्याचे पहिले तीन दिवस जातात सुनेगाच्या वोली पार्कात, म्हणजे नवशिक्यांच्या मैदानात, बुडावर आपटण्यात. पैसे शिकवणीवर घाला. यूट्यूब बघून कुणी स्की शिकत नाही, आणि नवऱ्याकडून तर नाहीच नाही.

जमायला लागलं तरी चेर्व्हिनियाला जाताना घड्याळ विसरू नका. आम्ही विसरलो. चौघे गेलो, जेवलो, ऊन छान पडलेलं, 'अजून एकच फेरी' करत तीन वाजले. वर साडेतीन हजार मीटरच्या आसपास वारा सुटला होता. परतीची लिफ्ट बंद. झरमॅट सरळ रेषेत पंधरा किलोमीटरही नाही, पण रस्ता आओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा, मार्तिन्यी असा अख्ख्या डोंगररांगेला वळसा घालून जातो. टॅक्सीत चारेक तास, पायात स्कीचे बूट तसेच, पासपोर्ट झरमॅटच्या खोलीत. भाड्याचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. तेव्हापासून मी तिकडे बाराला जेवतो आणि दीड वाजता परतीच्या लिफ्टमध्ये असतो. सोबतचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

भाड्याच्या दुकानात खोटं बोलू नका. वजन, उंची, वय आणि सराव विचारतात ते तुमचा बूट स्कीला धरून ठेवणारी पकड किती घट्ट ठेवायची हे ठरवायला. पडलात की ती सुटायला हवी. फुशारकीनं 'चांगलं येतं' म्हणालात तर पकड घट्ट बसते, ती सुटत नाही, आणि मग गुडघा पिरगळतो. वजन पाच किलो कमी सांगणाऱ्या मंडळींनाही हेच सांगणं: तिथे कुणी तुमचं स्थळ बघायला आलेलं नाही.

मोजे एकच जोडी, पातळ. दोन घातले तर पाय जास्त गार पडतात.

शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या ३०,००० युरोच्या विम्यात स्कीइंग असेलच असं नाही. पॉलिसी वाचा. बर्फावरून हेलिकॉप्टरनं उचललं तर बिल तुमच्या नावावर येतं.

गाडी भाड्यानं घेऊन थेट हॉटेलच्या दारात जायचा बेत असेल तर तो सोडा. झरमॅटमध्ये बाहेरच्या मोटारी चालत नाहीत. गाडी अलीकडच्या टेश गावात ठेवायची आणि पुढे बारा मिनिटं रेल्वे. चार चार सुटकेसा घेऊन आलेलं कुटुंब त्या फलाटावर मी दरवर्षी बघतो.