ॲम्बेसेडरचं इंजिन बदललं, हीटरच्या व्हॉल्व्हचं काय?

माझ्या जुन्या ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं इंजिन काढून १८१७ सीसीचं इसुझू बसवलं. धुळ्यातला मिस्त्री म्हणाला, "आठे हीटर कोनले लागस भाऊ?" मे महिन्यात त्याचं खरंच. पण डिसेंबरात पहाटे तोरणमाळचा घाट चढताना काच धुरकटते, तेव्हा लागतो.

जुन्या इंजिनावर हीटरचा व्हॉल्व्ह थेट हेडलाच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसलेला होता. नव्या हेडला तशी जागाच नाही. म्हणून केबलने चालणारा, होजच्या (रबरी नळीच्या) मधे बसणारा व्हॉल्व्ह घेतला. इंजिनाकडून हीटरला गरम पाणी नेणाऱ्या होजमध्येच तो घातला, परतीच्या होजमध्ये नाही. त्यामुळे उन्हाळ्यात व्हॉल्व्ह बंद केला की गरम पाणी डॅशबोर्डपर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते बघून घ्या. जागा फायरवॉलजवळची (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), एक्झॉस्टपासून लांब.

खरी कटकट केबलची. आतली तार जोडली, पण बाहेरचं आवरण क्लिपने पकडलं नाही तर नॉब फिरतो आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. दोन्ही टोकांना तो पूर्ण उघडतो-मिटतो का, हे होज लावण्याआधीच पाहिलं. व्हॉल्व्हच्या प्लास्टिकच्या नळीवर होजची क्लिप बेताने आवळा.

पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, इंजिन गार. हवा निघाली की पातळी उतरते, पुन्हा भरायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच वापरलं.