‘आर’ आणि ‘गिट’ यांची जोडणी: विश्लेषण सुरू करण्यापूर्वी

सांख्यिकी विश्लेषणातून आज निघालेला आकडा वर्षभरानंतर, दुसऱ्याच्या संगणकावरही तोच निघायला हवा. त्यासाठी कोड, पॅकेजांच्या (म्हणजे तयार फंक्शनच्या संचांच्या) आवृत्त्या आणि मूळ डेटा या तिन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. ‘आर’ ही सांख्यिकीसाठीची प्रोग्रामिंग भाषा आणि ‘गिट’ हे फाइलींमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, या दोन्हींच्या जोडणीतून तो ठेवता येतो. ही व्यवस्था कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच लावून घ्यावी, कारण काम अर्ध्यावर आल्यावर ती लावायला बसले की आधीचे बदल कधी आणि का केले हे केवळ आठवणीवर सोडावे लागते. पुढे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या आहेत.

प्रथम क्रॅन या अधिकृत संग्रहातून आर घ्यावे, मग आरमध्ये कोड लिहून चालवण्यासाठीचा आरस्टुडिओ आणि शेवटी गिट. विंडोजवर गिट वेगळे उतरवावे लागते, तर मॅकवर ते अ‍ॅपलच्या कमांड लाइन टूल्ससोबत येते. आरस्टुडिओ बंद करून पुन्हा उघडल्यावर त्यातील टर्मिनलमध्ये ‘गिट --व्हर्जन’ लिहून आवृत्तीचा क्रमांक दिसतो का ते पाहावे. त्यानंतर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल’ या कमांडने आपले नाव आणि ईमेल एकदाच नोंदवावे, कारण ते प्रत्येक कमिटवर, म्हणजे गिटमध्ये केलेल्या बदलांच्या प्रत्येक नोंदीवर, उमटतात.

आता एक सेटिंग, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आरस्टुडिओ बंद करताना मेमरीतील सगळी व्हेरिएबल ‘.आरडेटा’ फाइलमध्ये साठवू शकतो आणि पुढच्या वेळी ती परत आणतो. ही सोय वाटते, पण खरी अडचण इथेच आहे: ज्या ओळीने व्हेरिएबल तयार केले ती ओळ आपण पुसून टाकली तरी जुने व्हेरिएबल मेमरीत राहते, स्क्रिप्ट निमूटपणे चालते आणि चूक दुसऱ्याच्या संगणकावर गेल्यावरच उघड होते. म्हणून ग्लोबल ऑप्शन्समधील ‘जनरल’ भागात जाऊन ही साठवण ‘नेव्हर’ करावी आणि सुरुवातीला ती परत आणण्याची खूणही काढून टाकावी.

नवे प्रोजेक्ट तयार करताना गिट रिपॉझिटरी (बदलांचा इतिहास सांभाळणारे प्रोजेक्टचे फोल्डर) बनवण्याची आणि आरएन्व्ह हे पॅकेज वापरण्याची अशा दोन्ही चौकटींवर खूण करावी. आरएन्व्ह त्या प्रोजेक्टपुरते पॅकेजांचे स्वतंत्र भांडार ठेवते, आणि ‘आरएन्व्ह::स्नॅपशॉट()’ चालवल्यावर प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती ‘आरएन्व्ह.लॉक’ या फाइलमध्ये लिहिली जाते. ही फाइल कमिट करावी. पॅकेजांचे भांडार मात्र गिटबाहेरच राहते. लॉक फाइलमध्ये आरची आवृत्तीही नोंदली जाते, पण आरएन्व्ह ती बसवून देत नाही, ते काम आपले आपणच करावे लागते. हा तपशील किरकोळ नाही. २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० मध्ये ‘सॅम्पल()’ची यादृच्छिक निवड करण्याची पद्धत बदलली, त्यामुळे ‘सेट.सीड(४२)’ ही यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवून देणारी ओळ जशीच्या तशी ठेवूनही त्यापूर्वीच्या आवृत्तीत निवडलेला नमुना आणि नंतरचा नमुना वेगळे येऊ शकतात.

मूळ डेटा स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून त्याला हात लावू नये. दुरुस्ती करायची ती कोडनेच करावी. एक्सेलमध्ये फाइल सहज उघडून जतन केली तरी मजकुराच्या तारखा होऊ शकतात, आणि या त्रासामुळेच मानवी जनुकांची काही नावे २०२० मध्ये बदलण्यात आली. व्यक्तिगत माहिती असलेल्या फाइलींचे नाव पहिल्या कमिटपूर्वीच ‘.गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, लिहावे, कारण एकदा कमिट झालेली फाइल नंतर हटवली तरी इतिहासातून ती कोणीही काढून पाहू शकतो.

कमिट लहान असावे आणि त्याच्या संदेशात कारण यावे. उदाहरणार्थ, उत्पन्नाची सरासरी काढणाऱ्या ओळीत ‘एनए.आरएम = ट्रू’ एवढेच जोडले, तर ‘गिट डिफ’ वजा चिन्हासह जुनी ओळ आणि अधिक चिन्हासह नवी ओळ दाखवते. काय बदलले हे त्यातून कळते, पण का बदलले ते कळत नाही. ‘कोड सुधारला’ असा संदेश तिथे निरुपयोगी आहे. ‘उत्पन्न न सांगणाऱ्यांच्या रिकाम्या नोंदी सरासरीतून वगळल्या’ हा संदेश सहा महिन्यांनीही उपयोगी पडतो.

प्रत दुसरीकडे ठेवण्यासाठी गिटहब ही रिपॉझिटरी ऑनलाइन ठेवण्याची सेवा वापरायची असल्यास ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. त्याऐवजी टोकन (गिटहबवरून मिळणारा लांब संकेत) किंवा एसएसएच की (आपल्या संगणकाची ओळख पटवणारी फाइल) लागते. १०० एमबीपेक्षा मोठी फाइलही तिथे स्वीकारली जात नाही.

शेवटी या जोडणीची परीक्षा घ्यावी. रिपॉझिटरी एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करावी, म्हणजे तिची पूर्ण प्रत घ्यावी, गिटबाहेर ठेवलेला डेटा तिथे हाताने आणून ठेवावा, लॉक फाइलमधील पॅकेजे बसवण्यासाठी ‘आरएन्व्ह::रिस्टोअर()’ चालवावे आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवून आकडे ताडून पाहावेत. ती अडलीच, तर बहुतेक वेळा कुठेतरी आपल्याच संगणकावरील फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला सापडतो. तो प्रोजेक्टच्या फोल्डरपासून सुरू होणाऱ्या पत्त्याने बदलावा, कमिट करावे आणि क्लोन पुन्हा नव्याने घ्यावा.