एक्स-७० पोलादाच्या पाइपलाइनीसाठी वेल्डिंगचं सामान काढताना

आधी डब्ल्यूपीएस, म्हणजे जोड कसा मारायचा त्याची लेखी पद्धत. तो मंजूर होऊन हातात येईपर्यंत एकाही मशीनची ऑर्डर देऊ नका. रूट (तळाचा पहिला थर) कशाने, फिलर (त्यावरचे भरावाचे थर) कशाने, वरून खाली की खालून वर, हे ठरल्याशिवाय केलेली खरेदी गोडाऊनमध्ये पडून राहते.

एक्स-७० ची किमान यील्ड (ज्या ताणाला पोलादाचा आकार कायमचा बदलू लागतो) ४८५ मेगापास्कल, एक्स-८० ची ५५५. या पोलादाच्या जोडात हायड्रोजन अडकला तर तडा जोड थंड झाल्यावर पडतो, कधी दीड-दोन दिवसांनीसुद्धा. पुढची सगळी यादी या एका भीतीपोटी आहे, म्हणून ओव्हनपासूनच सुरुवात करतो.

रॉड भाजायचा मोठा मदर ओव्हन सगळेच नेतात. भाजलेले रॉड जोडापर्यंत गरम ठेवणारे छोटे पोर्टेबल ओव्हन मोजून न्या: प्रत्येक वेल्डरला एक, आणि वर काही जादा. मागच्या लाइनीला माझ्याकडून नेमके हेच मागवायचे राहिले. भाजलेले रॉड उघड्या डब्यातून ट्रेंचवर जात होते आणि शेवटी जोड कापावे लागले. लो-हायड्रोजन रॉड हवेतला ओलावा ओढतो, आणि त्या ओलाव्यातूनच जोडात हायड्रोजन जातो. एडब्ल्यूएस डी१.१ या अमेरिकी वेल्डिंग संहितेच्या तक्त्यात साधा ई७०१८ रॉड ओव्हनबाहेर चार तास चालतो, ई८०१८ दोन तास, ई९०१८ एकच तास. म्हणजे ताकद वाढली की सवलत कमी. पाकिटावर आर असलेला ओलावारोधक रॉड जास्त वेळ टिकतो, पण कोकणातल्या जुलैत त्या भरवशावर राहू नका. भिजलेला रॉड पुन्हा भाजायचा तो एकदाच.

पोर्टेबल ओव्हनला वीज कुठून देणार, हेही आत्ताच ठरवा. काही २३० व्होल्टवर चालतात, काही थेट वेल्डिंग मशीनच्या व्होल्टेजवर. प्लग जुळला नाही तर ओव्हन नुसता डबा. झाकण नीट बसतं का बघा, आत खरंच गरम होतं का बघा. आणि सेल्युलोजचे रॉड, ई६०१० वगैरे, त्यात कधीच ठेवू नका. त्यांना थोडा ओलावा लागतोच. वाळवले की आर्क बिघडते.

आता मशीन. डिझेलवरचं, डीसी, करंट धरून ठेवणारं. रूट ई६०१० ने मारायचा असेल तर ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क लागण्याआधीचं) ७० च्या वर आणि आर्क फोर्सची, म्हणजे आर्क आखूड झाली की करंट वाढवायची, सोय हवी. ई७०१८ सुरेख चालवणारे कित्येक स्वस्त इन्व्हर्टर ई६०१० वर सारखे विझतात. डेमो ई६०१० नेच मागा, आणि साइटवर लागेल तेवढी लांब केबल जोडून मागा. विक्रेता दोन मीटर केबलवर दाखवेल, ते मान्य करू नका.

मेकॅनाइज्ड वेल्डिंगचा मोह मोठ्या व्यासाला होतो. चीनच्या दुसऱ्या पश्चिम-पूर्व गॅसवाहिनीत १२१९ मिमी व्यासाचा एक्स-८० पाइप होता आणि तिथे स्वतःचं गॅसकवच तयार करणारी फ्लक्स-कोअर (पोटात फ्लक्सची पूड भरलेली) वायर मोठ्या प्रमाणावर वापरली. त्या वायरला सिलिंडर लागत नाही, वाऱ्याचा त्रासही कमी. गॅसवाली वायर घेतलीत तर प्रत्येक जोडावर तंबू आणि पाइपचं तोंड कापायचं फेसिंग मशीन, दोन्ही लागेल. सपाट माळावर याचे पैसे वसूल होतात. कसाऱ्यासारख्या घाटात हाताने रॉड मारणारा वेल्डरच बरा, आणि टाय-इनला, म्हणजे लाइनीचे दोन तयार तुकडे जागेवर जोडताना, तोच लागतो.

प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी पाइप तापवणं: एलपीजी टॉर्चने एका बाजूला लाल करू नका. गोल रिंग बर्नर घ्या, जाड पाइपला इंडक्शन. तापमान डब्ल्यूपीएसमध्ये असेल तेवढं, जोडापासून ७५ मिमीवर दोन्ही बाजूंनी मोजायचं. टेम्परेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) आणि कॉन्टॅक्ट थर्मामीटर, दोन्ही ठेवा. पावसात पाइप आधी पुसून वाळवा.

दोन पाइप एका रेषेत धरणारा क्लॅम्प पाइपच्या आतल्या व्यासाप्रमाणे, सोबत कॉम्प्रेसर. रूट पूर्ण होण्याआधी आतला क्लॅम्प सोडायची घाई नको.

ग्राइंडर, डिस्क, वायर ब्रश: अंदाजाच्या दुप्पट. जोडावर पांघरायला ब्लँकेट, पावसाला ताडपत्री.

पोर्टेबल ओव्हनचे थर्मोस्टॅट जादा घ्या. हो, पुन्हा तेच सांगतो आहे.

वेल्डरची पात्रता एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या मानकाप्रमाणे, याच मशीनवर, याच रॉडने. तपासणीसाठी किती तास थांबायचं ते स्पेसिफिकेशनमध्ये बघून एक्स-रेवाल्यांना तारीख द्या. बाकी हेल्मेट, हातमोजे, अग्निशामक, प्रथमोपचार नेहमीचं.