स्ट्राइकनुसार आयव्ही कशी वाचायची

बजेटच्या दिवशी मी निफ्टीचा कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन, घेतला होता. निफ्टी वर गेला, माझा प्रीमियम, म्हणजे त्या कॉलचा भाव, मात्र खाली. आयव्ही (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, प्रीमियममध्ये धरलेली अपेक्षित हालचाल) बसली होती. त्या दिवसापासून प्रीमियमच्या आधी मी आयव्हीचा रकाना बघतो.

एनएसईची ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनचा तक्ता, उघडा, एकच एक्स्पायरी (करार संपण्याची तारीख) निवडा. शक्यतो महिन्याची; एक्स्पायरीच्या दिवशीचे आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. समजा निफ्टी 25000 वर आहे. त्याखालच्या स्ट्राइकला (ऑप्शनमध्ये ठरलेला भाव) पुटची, म्हणजे विकण्याचा हक्क देणाऱ्या ऑप्शनची, आयव्ही घ्या, वरच्या स्ट्राइकला कॉलची. इन द मनीवाले, म्हणजे 25000 खालचे कॉल आणि वरचे पुट, सोडून द्या, तिथे सौदे कमी. मी वहीत असं लिहितो: 24000 पुट 16, 25000 ला 12, 26000 कॉल 11.

आता 12 म्हणजे काय? वर्षाची अपेक्षित हालचाल, टक्क्यांत. वर्षात साधारण 252 ट्रेडिंग दिवस, त्याचं वर्गमूळ जवळजवळ 16. बारा भागिले सोळा, म्हणजे दिवसाला पाऊण टक्का, सुमारे 190 पॉइंटची हालचाल बाजार गृहीत धरतोय. दिशा कोणती, ते यात नसतं.

खालचे पुट महाग का? पडझडीचा विमा सगळ्यांनाच हवा असतो. ऑक्टोबर 1987 मध्ये अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, त्यानंतर तिथेही खालच्या स्ट्राइककडून वरच्याकडे जाणारा आयव्हीचा हा उतार ठळक झाला.

लांबच्या स्ट्राइकला आयव्ही अचानक 30 दिसली तर आधी बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांतलं अंतर बघा. बऱ्याचदा तो तासाभरापूर्वीचा शिळा भाव असतो.