मुलांना आपल्या काळचं दूरदर्शन कसं दाखवावं (आणि दाखवताना गप्प कसं बसावं)

भाचा आणि सोसायटीतली चार-पाच पोरं, एवढ्यांना मी जुन्या मालिका दाखवल्या आहेत. पहिला प्रयोग साफ आपटला, बाकीचे बऱ्यापैकी जमले. त्यामुळे ‘मुलांना जुन्या मालिका दाखवा, छान संस्कार होतील’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. हे सांगणाऱ्यांनी पोराला शेजारी बसवून एक अख्खा भाग दाखवलेला नसतो. संस्कारांसाठी दाखवणार असाल तर राहू द्या. औषधाचा वास मुलांना दुरून येतो.

आधी निवड. आपल्याला सगळ्यात जास्त आवडलेली मालिका पहिली लावायची नाही. ती आपली दुखरी जागा असते, पोरानं जांभई दिली की आपण रुसतो. सुरुवात छोट्या गोष्टीनं करा. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘एक चिड़िया, अनेक चिड़िया’ पुरे. ते ज्यातलं, तो ‘एक, अनेक और एकता’ हा सातेक मिनिटांचा चित्रपट विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केला. भीमसेन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाईंचं संगीत, आणि गाणारी लहान मुलगी म्हणजे पुढची साधना सरगम. यातलं काहीही मुलाला सांगायचं नाही, हे तुमच्यासाठी. जाळं घेऊन उडणारे पक्षी बघून पोरं ‘परत लाव’ म्हणतात, बस.

सहा-सातच्या पुढे ‘जंगल बुक’. मूळ जपानी मालिका, ५२ भाग. आपल्याकडे १९९३च्या सुमारास हिंदीत आली ती गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल घेऊन. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आठ-नऊच्या मुलांना ‘विक्रम और बेताल’ आवडतं, कारण गोष्ट एका भागात संपते आणि शेवटी प्रश्न असतो. वेताळानं प्रश्न विचारला की तिथेच थांबवा. पोरं भांडून उत्तरं देतात. सोसायटीतल्या एका मुलीनं राजालाच दोषी ठरवलं आणि विक्रमाचं उत्तर ऐकल्यावरही ती मागे हटली नाही.

शोधणं सोपं झालंय. प्रसार भारतीचं संग्रहाचं यूट्यूब चॅनल आहे, शिवाय त्यांचं ‘वेव्हज’ ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. कुणीतरी परस्पर चढवलेले व्हिडिओ टाळा. पकडलं जाऊ नये म्हणून त्यात आवाजाची पट्टी बदललेली असते, आणि बगीरा चिमणीसारखा बोलतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्यात. नाहीतर सगळी माणसं गालगुंड झाल्यासारखी दिसतात.

आता पहिली दहा मिनिटं. सगळे इथेच आपटतात.

माझा सहा वर्षांचा भाचा. मी मोठ्या हौसेनं ‘मालगुडी डेज’ लावलं. एल. वैद्यनाथनांची ती ‘ता ना ना ना’ धून सुरू झाली, पडद्यावर रेखाटनं आली आणि माझं तोंड सुटलं. ही चित्रं आर. के. लक्ष्मणांची, म्हणजे लेखक आर. के. नारायण यांच्या सख्ख्या भावाची. हे गाव खरं नाहीये, चित्रीकरण कर्नाटकात आगुंब्याला झालंय. दिग्दर्शक शंकर नाग, बिचारे १९९० मध्ये अपघातात गेले. आम्ही हे बघायला शेजाऱ्यांकडे जायचो, अँटेना फिरवायला दादा गच्चीवर असायचा… भाच्यानं शांतपणे विचारलं, “आत्या, हे सुरू कधी होणार?” मी म्हटलं, “अरे, सुरू झालंय की.” तो पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आला नाही. गोष्टीतला मुलगा स्वामी पडद्यावर एकटाच शाळेत गेला.

तेव्हा मी मालिकेला दोष दिला, मग त्याला, मग त्याच्या टॅबला. चूक माझी होती, हे कळायला दोन वर्षं लागली. मी त्याला स्वामीची गोष्ट दाखवतच नव्हते, स्वतःचं लहानपण दाखवत होते. त्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून आता माझे काही नियम आहेत. ते मी मोडू देत नाही, आजी-आजोबांनाही नाही.

मुलाच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं आणि टीव्हीकडे बघायचं. त्याला आवडतंय का, हसला का, म्हणून तोंड निरखत बसलात तर त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द वर्ज्य. ‘आता बघ हं, आता गंमत आहे’ हेही वर्ज्य. गंमत त्याची त्याला सापडू द्या, नाही सापडली तर नाही. आणि ‘जरा हळू आहे हं’ अशी आधीच माफी मागू नका. तुम्ही म्हणालात की ते हळूच होणार.

पण हळू असतंच, हे मान्य करू. आजची पोरं भराभर बदलणाऱ्या चित्रांना सरावलेली आहेत, आणि जुन्या मालिकेत माणूस दारातून आत येतो तो खरोखर चालत येतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मटार. किंवा शेंगा. मांडीवर ताट द्या आणि सोलायला लावा. हात गुंतले की डोळे टिकतात. काही सल्लागार म्हणतात तसं कंटाळवाणा भाग पुढे ढकलू नका. एकदा रिमोट चालला की पोरगं दर दोन मिनिटांनी ‘पुढे ने’ म्हणतं, आणि मग स्वामीच्या घरातला तो पसरलेला रविवार उरतच नाही. मटार नसतील तर लेगो चालेल, मोबाइल नाही.

प्रश्नांना एका वाक्यात उत्तर. पोस्टमन सगळ्यांना ओळखतो कसा? “रोज येतो म्हणून.” फक्त मार आला की मी थांबते. मास्तर छडी उगारतात, वडिलांची दहशत असते, आणि आजच्या मुलांना ते खरंच समजत नाही. सोसायटीतल्या एका मुलानं विचारलं, “पोलिसांना का नाही बोलवत?” तिथे ‘पूर्वी असंच असायचं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ते चूक होतं, तेव्हा चालवून घेतलं जायचं, आता कायद्यानं शाळेत मारता येत नाही, एवढं सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

भाग संपला की ‘कसा वाटला?’ विचारू नका. टीव्ही बंद करा, जेवायला वाढा.

एका वेळी एकच भाग, आणि रविवारीच. आपण या मालिका भक्तिभावानं बघायचो, याचं निम्मं श्रेय दुसरं काही लागत नसे याला आहे. पर्याय असता तर आपणही उठलो असतो. ती टंचाई थोडीशी परत आणायची, एवढंच. भाच्याबरोबर दुसऱ्यांदा असंच केलं, ‘जंगल बुक’ घेऊन. तिसऱ्या रविवारी तोच सकाळी येऊन म्हणाला, “आत्या, मटार आणलेस का?” मोगली राहतो ते सिवनीचे डोंगर आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, पेंचजवळ आहेत, हे त्याला खूप नंतर कळलं. तेही नकाशा बघताना, त्याचं त्यालाच.

परदेशातल्या मुलांसाठी हिंदी अडते. पुतणी टोरांटोला असते, तिचं मराठी म्हणजे ‘भूक लागली’ आणि ‘झोप आली’. तिच्यासाठी मी ‘गोट्या’ ही मराठी मालिका निवडली. ना. धों. ताम्हनकरांची गोष्ट, ‘बीज अंकुरे अंकुरे’ला अशोक पत्कींची चाल. यावेळी थेट लावली नाही. आठवडाभर फोनवर झोपताना गोष्ट सांगितली, थोडी मराठी, थोडी तिच्या भाषेत. शीर्षकगीत नुसतं मागे वाजत ठेवायला तिच्या आईला सांगितलं. महिन्याभरानं ती गुणगुणत होती, ‘अंकुरे’चा उच्चार भलताच.

‘बोअर’ म्हणालं पोर, तर लगेच बंद करा. टोमणा नाही, उसासा नाही. सहा महिन्यांनी दुसरं काहीतरी लावा.

मालिका मात्र पुतणीनं अजून पाहिलेली नाही. काकू, ती फोनवरचीच गोष्ट पुढे सांग, म्हणते. मीही लिंक पाठवलेली नाही.