प्रस्तावावर ‘चर्चा करू’ असा शेरा येतो? या चुका टाळा

कारखान्यातून वर जाणारे खर्चाचे प्रस्ताव मी लेखा विभागात बरीच वर्षं वाचत आले आहे. सरळ नाकारले जातात ते थोडेच, बाकीचे पडून राहतात. कोपऱ्यात ‘चर्चा करू’ असा शेरा असतो आणि ती चर्चा होतच नाही. यंत्राची गरज खरी असते, लिहिणाऱ्याची तळमळही खरी असते. अडतं ते लिखाणात, याचंच वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे मुद्दा तळाशी ठेवणं. विभागाची ओळख, मागच्या वर्षांचा आढावा, यंत्राची माहिती, आणि पैसे किती हवेत ते सातव्या पानावर. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अंतराळात असताना, उड्डाणावेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल अभियंत्यांनी नासासाठी स्लाइड्स तयार केल्या होत्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा सुमारे १९२० घन इंचांचा आणि आधीच्या चाचण्यांतला फक्त ३ घन इंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी तळाच्या ओळीत होती. १ फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर बोट ठेवलं. आपल्या प्रस्तावात जीव पणाला लागलेले नसतात, पण वाचणाऱ्याची नजर तशीच वरून खाली जाते. काय हवं, किती रुपये आणि निर्णय कधीपर्यंत, हे पहिल्या दोन ओळींतच लिहा.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा जसाच्या तसा उचलणं. समजा, ३७ किलोवॅटचा जुना स्क्रू कॉम्प्रेसर (दाबाखालची हवा पुरवणारं यंत्र) वर्षाला ४८०० तास चालतो. त्याजागी १४ लाखांचा व्हीएफडी, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, कॉम्प्रेसर हवा आहे. विक्रेता म्हणतो ३५ टक्के वीज वाचेल. यंत्र सगळे तास पूर्ण वीज खात नाही हे धरून, ९ रुपये युनिटने सध्याचं बिल साधारण साडेअकरा लाख, म्हणजे बचत चार लाख आणि साडेतीन वर्षांत पैसे वसूल. कागदावर छान दिसतं.

आता कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर बघा. चालू तास आणि लोडचे, म्हणजे प्रत्यक्ष हवा देण्याचे, तास तिथे वेगवेगळे दिसतात. लोडचे तास २८८० असतील, तर उरलेले १९२० तास यंत्र हवा न देता नुसतं फिरतं आणि तेव्हा साधारण ११ किलोवॅट खातं. ही सगळी वीज वाचली तरी वर्षाला १ लाख ९० हजार रुपये. वसुलीला सात वर्षांहून जास्त! साहेबांनी एकदा हे गणित मांडून दाखवलं की त्या विभागाच्या पुढच्या प्रस्तावाकडेही संशयानेच पाहिलं जातं.

याच उदाहरणात तिसरी चूकही आहे. स्वस्तातला पर्याय लिहिलेलाच नसतो, बहुतेकदा मुद्दाम, कारण तो लिहिला तर नवं यंत्र मिळणार नाही अशी भीती असते. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड (नुसतं फिरणं) असं चक्र आलं, तर क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जाते आहे. पाइप, कपलिंग बदलायला ६० हजार खर्च करून ती निम्मी झाली, तर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार वाचतात. हा पर्याय प्रस्तावात आधी मांडा. शिवाय गळती कमी झाली की अनलोडचे तास वाढतात, त्यामुळे नव्या कॉम्प्रेसरची बाजू उलट भक्कम होते.

बाकीच्या चुका लहान, पण नेहमीच्या. ‘दोन माणसांचा वेळ वाचेल’ ही बचत नव्हे. त्यांचे पगार चालूच राहणार असतील तर तो वेळ कुठे वापरणार ते लिहा. जीएसटीचं क्रेडिट मिळणार असेल तर तो कर किमतीत धरू नका, मात्र सुरुवातीला रोख किती लागेल ते वेगळं दाखवा. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीवर आधी झालेला खर्च हे नव्याचं कारण होत नाही. मुख्य टिपण एका पानात बसवा, कोटेशन आणि तपशील मागे जोडा.

तरीही प्रस्ताव परत आला, तर शेरा नीट वाचा. ‘आकडे तपासा’ असेल तर प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते लिहा: वीजबिल, मीटर की अंदाज. ‘चर्चा करू’ असेल तर बहुधा नेमकी मागणी कळलेली नाही. ‘पुढच्या बजेटमध्ये पाहू’ असेल तर थांबण्याची किंमत लिहायची राहिली आहे. वरच्या उदाहरणात ती एका ओळीत मावते: ‘गळती तशीच राहिली तर वाचवता येण्याजोगी दरमहा सुमारे १२ हजार रुपयांची वीज वाया जाईल.’